शेंपूट आणि नळी

कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच, ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. वात्रट विद्यार्थ्यापुढें हात टेकलेल्या मास्तरांपासून नाठाळ जांवयाला कंटाळलेल्या सासऱ्यापर्यंत सर्वांनीं तिचा आधार घेतलेला आहे. म्हणीचा रोख अर्थात् माणसांवर असतो. बिचारा कुत्रा केवळ दृष्टांतापुरता उभा केलेला. परंतु ज्याला असें साक्षीस बोलावलें, त्याची जबानी कोणी नीट घेतली आहे काय? शेंपटाची गोष्ट सोडून देऊं. तें वाकडें असतें म्हणूनच शोभतें. प्रश्न स्वभावाचा आहे. कुत्र्याचा स्वभाव वळतो कीं वळत नाहीं, असा वाद घालणाऱ्यांनीं दुसरा एक प्रश्न बहुधा विचारलाच नाहीं. तो हा कीं, शेंपूट नळींत घातलें तें केव्हां? ह्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास माणसाला कांहीं सहस्र वर्षें लागलीं, आणि तें मिळालें तें विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका लहानशा गांवीं. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

तो सांगण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, ह्या बाबतींत मीं एकदां सपशेल चूक केलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका परिचिताच्या गुदामांत कुत्री व्याली. पिल्लें तेथेंच पोत्यांच्या थप्पीमागें वाढलीं. दाराच्या फटींतून भाकरीचे तुकडे आंत पडत, यापलीकडे त्यांचा मनुष्याशीं संबंध आला नाहीं. त्यांतील एक काळें, चारी पायांत पांढरे मोजे चढवल्यासारखें दिसणारें पिल्लू पांच महिन्यांचें झाल्यावर मीं घरीं आणलें व त्याचें नांव मोती ठेवलें. दूध, भात, हाडकें, उबदार गोणपाट, कशाचीहि वाण पडूं दिली नाहीं. त्याच्यावर कोणी हात उगारावयाचा नाहीं, अशी मुलांना सक्त ताकीद होती. एक महिना गेला, दोन गेले. मोती पलंगाखालून बाहेर येईना. हात पुढें केला कीं तो भिंतीला चिकटे, आणि हात आणखी पुढें गेला कीं चावे. शेवटीं मीं ती म्हण उच्चारली, आणि प्रकरण मिटलें असें समजलों.

आतां जुन्यांकडे वळूं. झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य व ग्रीक सेनानी म्हणून आपल्या परिचयाचा असतो. परंतु तो पट्टीचा शिकारीहि होता, आणि इ. स. पूर्व चौथ्या शतकांतील शिकारीवरचा एक लहानसा ग्रंथ त्याच्या नांवावर मोडतो. त्यांत कुत्र्यांच्या पिल्लांविषयीं जें लिहिलें आहे तें वाचून आजच्या श्वानपालकालाहि मान डोलवावीशी वाटेल. पिल्लांना आईपासून तोडून दुसऱ्या कुत्रीखालीं ठेवूं नये, कारण आईच्या दुधाची व श्वासाची सर दुसऱ्या कशाला येत नाहीं. नांवें आंखूड असावींत, म्हणजे हांक मारणें सोपें जातें; आणि नुसता उपदेश करून न थांबतां त्यानें चाळिसांहून अधिक नांवांची यादीच दिली आहे! शिकारीस नेतांना पिल्लू लांब दोरीवर ठेवावें, एकदम मोकळें सोडूं नये. त्याला जाळ्यांपाशींच खाऊं घालावें, म्हणजे अननुभवामुळें वाट चुकलें तरी अन्नाच्या ओढीनें तें तेथें परत येईल. दोरी आणि घांस, मर्यादा आणि माया, दोन्ही ह्या गृहस्थाला ठाऊक होतीं. मात्र त्याचें शिक्षण सुरू होतें तें मादी आठ महिन्यांची आणि नर दहा महिन्यांचा झाल्यावर. त्याच्या अगोदरचा काळ त्यानें आईच्या स्वाधीन करून टाकला आहे.

त्यानंतरचा महत्त्वाचा साक्षीदार रोमन पंडित व्हॅरो. इ. स. पूर्व ३७ मध्यें, वयाच्या ऐंशीच्या घरांत असतां, आपल्या पत्नीनें शेत विकत घेतलें म्हणून तिच्यासाठीं त्यानें शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत मेंढपाळांच्या कुत्र्यांवर एक प्रकरण आहे. पिल्लाला बांधून घेण्याची संवय आधीं हलक्या दोरीनें लावावी, आणि तें ती दोरी कुरतडूं लागल्यास तेथल्या तेथें फटका देऊन थांबवावें, नाहीं तर कुरतडण्याचीच संवय जडते, असें तो सांगतो. फटका आज कोणी पसंत करणार नाहीं. परंतु खोडी जडण्याच्या आधींच अडवावी, जडल्यावर नव्हे, हा विचार दोन हजार वर्षांपूर्वीं इतक्या स्पष्टपणें मांडलेला पाहून आश्चर्य वाटतें.

ह्याच प्रकरणांत व्हॅरोनें एक हकीकत दिली आहे, ती मला फार बोलकी वाटते. पोंतियानस नांवाच्या एका धनिकानें उंब्रिया प्रांतांतील मेंढ्यांचे कळप विकत घेतले. सौद्यांत कुत्रे होते, मेंढपाळ नव्हते. मेंढपाळांनीं कळप दूर दक्षिणेंत मेटापोंटमच्या कुरणांपर्यंत पोंचवून द्यावे, एवढाच करार होता. त्यांनीं कळप पोंचवले व ते घरीं परतले. पुढें थोड्याच दिवसांत कुत्रे नाहींसे झाले. वाट पुष्कळ दिवसांची होती. पण रानांत शेतांत मिळेल तें खात ते आपल्या आपण उंब्रियांत जुन्या धन्यांपाशीं येऊन दाखल झाले. माणसांच्या ओढीनें आले, असें व्हॅरो म्हणतो. त्याच्यापूर्वींच्या सासेर्ना नांवाच्या शेतीलेखकानें, कुत्र्यानें आपल्या मागें यावें असें वाटत असेल तर त्याला शिजवलेला बेडूक टाकावा, असा तोडगा सांगून ठेवला होता. त्या मेंढपाळांपैकीं कोणीहि बेडूक शिजवला नव्हता, अशी पुस्ती व्हॅरोनें गंभीरपणें जोडली आहे. म्हाताऱ्याचा विनोद कोरडा खरा, पण मर्मावर बोट ठेवणारा. खरेदीखतानें मेंढ्यांची मालकी बदलली; कुत्र्यांची कशी बदलणार? तीं माणसें त्यांना पिल्लूपणापासून भेटलेलीं होतीं.

आपल्याकडेहि कुत्र्यांकडे विद्वानांनीं अगदींच पाठ फिरवली होती असें नाहीं. गाईंचा शोध लावणारी इंद्राची सरमा ऋग्वेदांत आहे. तिच्यावरूनच कुत्र्याला सारमेय हें नांव पडलें. बाराव्या शतकांत कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें आपल्या 'मानसोल्लासां'त राजाच्या करमणुकी वर्णन करतांना कुत्र्यांनाहि स्वतंत्र स्थान दिलें आहे. परंतु आपला विषय पिल्लाच्या पहिल्या दिवसांचा आहे, आणि त्यासाठीं पुन्हां दूर जावें लागतें.

चार्लस डार्विन 'बीगल' जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतां १८३३ च्या नोव्हेंबरांत दक्षिण अमेरिकेंत, आज ज्याला उरुग्वे म्हणतात त्या मुलुखांत, घोड्यावरून हिंडत होता. तेथें एक देखावा त्याला वारंवार दिसे. घरापासून व मनुष्यवस्तीपासून कित्येक मैल दूर मेंढ्यांचा मोठा कळप चरत असावा, आणि राखणीला एक दोन कुत्रे. माणूस कोणी नाहीं. ही मैत्री जडली कशी, याची त्यानें चौकशी केली. त्याला कळलें तें असें. पिल्लू अगदीं तान्हें असतांना आईपासून काढून घेतात. दिवसांतून तीन चार वेळां एक मेंढी धरून ठेवून तिचें दूध त्याला पाजतात. मेंढवाड्यांतच त्याच्यासाठीं लोंकरीचें अंथरूण करतात. दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरांतल्या मुलांत त्याला मिसळूं देत नाहींत, आणि बहुधा त्याला खच्चीहि करतात. असें वाढलेलें जनावर मोठें झाल्यावर स्वजातीशीं त्याचें कांहींच नातें उरत नाहीं. सामान्य कुत्रा जसा धन्यासाठीं धांवून येतो, तसा हा मेंढ्यांसाठीं येतो.

डार्विनचें निरीक्षण येथें संपत नाहीं. हा राखणदार रोज घरीं मांसाच्या तुकड्यासाठीं येई, आणि तुकडा मिळतांच जणूं लाजून पळत सुटे. घरचीं कुत्रीं, त्यांतलें अगदीं फडतूससुद्धां, त्याच्या पाठीस लागत. परंतु कळपापाशीं पोंचला रे पोंचला कीं तो गर्रकन वळून भुंके, आणि घरचीं सगळीं कुत्रीं पाय लावून पळत. भुकेल्या रानकुत्र्यांची टोळीसुद्धां असा एक कुत्रा राखणीस असलेल्या कळपावर सहसा चालून येत नसे. ह्या कुत्र्यांचा लहानपणचा एकच दोष डार्विनला सांगण्यांत आला: मेंढ्यांशीं खेळण्याची हौस. खेळाच्या भरांत हीं पोरें बिचाऱ्या मेंढ्यांना बेदम पळवीत. म्हणजे नुसती माया लावून भागत नव्हतें. खेळ कोठें थांबवावयाचा हेंहि शिकवावें लागे. हें सर्व १८३९ सालीं छापून प्रसिद्ध झालें. लाखो लोकांनीं तें प्रवासवर्णन वाचलें, आणि एक मौजेची हकीकत म्हणून पान उलटलें. तींत एका शास्त्राचें बीज आहे हें शंभर वर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

ह्या शंभर वर्षांत श्वानशिक्षणाची बैठक निराळीच होती. शिकारी कुत्र्याला शिकविण्याला इंग्रजींत जो शब्द वापरीत त्याचा अर्थच मुळीं 'मोडणें' असा होतो. हचिन्सन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याचें १८४८ सालचें गाजलेलें पुस्तक तोच शब्द मथळ्यावर मिरवतें, जरी त्याची स्वतःची शिकवण मथळ्यापेक्षां पुष्कळच मवाळ होती. मोडावयाचें तर आधीं मोडण्याजोगें कांहीं तयार झालें पाहिजे; म्हणून सहा महिन्यांच्या, पुष्कळदां वर्षाच्या आंतल्या कुत्र्याला हात लावूं नये, असा समज बळावला. तोंवर पिल्लानें खावें, वाढावें आणि हवें तें करावें. आपल्याकडील सुखवस्तु घरांत एकुलत्या एक मुलाविषयीं जें धोरण चालतें तेंच हें, असें कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाहीं.

१९३५ सालीं ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झनें पक्ष्यांविषयीं आपला विख्यात निबंध प्रसिद्ध केला. हंसजातीचें पिल्लू अंड्याबाहेर पडल्यावर पहिल्या थोड्या तासांत जें हलतें बोलतें समोर दिसेल त्याच्यामागें आई म्हणून चालूं लागतें, मग तो दाढीवाला प्राध्यापक कां असेना. तो थोडा वेळ गेला कीं दार लागतें. पक्ष्यांचें हें असें असेल. पण सस्तन प्राण्यांत, विशेषतः जो प्राणी हजारों वर्षें आपल्या उंबऱ्यावर बसला आहे त्याच्यांत, असें एखादें दार आहे काय?

हा प्रश्न हातीं घेतला तो मेन संस्थानांतील बार हार्बर येथें. तेथील जॅक्सन प्रयोगशाळा १९२९ मध्यें स्थापन झालेली, आणि तिची कीर्ति उंदरांवरील संशोधनाबद्दल. १९४५ सालीं जॉन पॉल स्कॉट हे तेथें आले. रॉकफेलर फाउंडेशननें पैसा पुरवला, आणि कांहीं काळानें जॉन फुलर हे त्यांना येऊन मिळाले. मूळ हेतु आनुवंशिकतेचा शोध घेण्याचा होता. बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंडचा मेंढरी कुत्रा आणि राठ केसांचा फॉक्स टेरियर अशा पांच जाती निवडून पिल्लें जन्मल्या दिवसापासून एकाच पद्धतीनें वाढवावयाचीं आणि रोज पाहावयाचीं, असा बेत ठरला. हें काम जवळ जवळ वीस वर्षें चाललें. १९६५ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. जातीजातींतले भेद त्यांना सांपडलेच. परंतु रोजच्या पाहण्यांतून जें दुसरें कांहीं हळूहळू स्पष्ट होत गेलें, तेंच पुढें अधिक मोलाचें ठरलें.

तें असें कीं, पिल्लाचे पहिले दोन आठवडे अंधाराचे असतात. डोळे मिटलेले, कान बंद. ऊब आणि दूध एवढेंच जग. सुमारें तेराव्या दिवशीं डोळे उघडतात, विसाव्याच्या सुमारास कान. तिसरा आठवडा संपतो न संपतो तोंच पिल्लू जणूं नव्यानें जन्माला येतें. दुरून येणारी आकृति त्याला दिसते, आवाज ऐकून तें दचकतें, आणि लटपटत त्या आकृतीकडे जाऊं लागतें. ह्या क्षणापासून बाराव्या आठवड्यापर्यंत त्याची आप्तमंडळी ठरते. ह्या मुदतींत जे भेटले ते आपले. ओढ सुरुवातीलाच जोरांत असते. भय मागाहून येतें, पांचव्या आठवड्यानंतर हळूहळू वाढतें, आणि बारा चौदा आठवड्यांनंतर न भेटलेल्याविषयीं भयच वरचढ होऊन बसतें. उरुग्वेच्या गुराख्यांना हें हातानें ठाऊक होतें. स्कॉट यांनीं तें दिवस मोजून दाखवलें.

त्याचा कस लावणारा प्रयोग १९६१ मध्यें फ्रीडमन, किंग व एलियट यांनीं प्रसिद्ध केला. उंच कुंपण घातलेल्या एकरभर मैदानांत कॉकर व बीगल जातींचीं पिल्लें आपापल्या आयांसह ठेवलीं. अन्नपाणी कुंपणाच्या भोंकांतून आंत जाई. मनुष्य दृष्टीस पडत नसे. मग कांहीं पिल्लांना दुसऱ्या, कांहींना तिसऱ्या, कांहींना पांचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यांत एक एक आठवडा बाहेर काढून रोज माणसाचा सहवास दिला, आणि पुन्हां मैदानांत सोडलें. थोड्यांना मात्र चौदा आठवड्यांपर्यंत मुळींच बाहेर काढलें नाहीं. शेवटीं सर्वांची परीक्षा घेतली. पांच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान ज्यांना तो एक आठवडा लाभला तीं माणसाकडे आलीं, दोरीनें चालूं लागलीं. सातव्या आठवड्यांतलीं तर विशेष. आणि तीं अभागी शेवटचीं? तीं रानटी जनावरांसारखीं होतीं. त्यांपैकीं एकाला पुढें तीन महिने लोकांनीं गोंजारलें, खाऊं घातलें. फरक पडला तो नांवापुरता. पोटभर अन्न, आईची माया, भावंडांची संगत, मोकळें मैदान, कशाचीहि उणीव नव्हती. चुकला होता तो फक्त एक आठवडा.

हें प्रथम वाचलें तेव्हां मला गुदामाच्या दाराची फट आठवली. भोंकांतून अन्न टाकण्याची युक्ति विद्वानांच्या आधीं आम्हीं योजली होती!

प्रयोगशाळेंतील पिल्लू भित्रें निघालें तर नुकसान प्रयोगशाळेचें. पण एका ठिकाणीं ह्याच ज्ञानावर माणसांचा जीव अवलंबून होता. आंधळ्यांना वाट दाखविणारे कुत्रे पद्धतशीर तयार करण्यास पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, जर्मनींत ओल्डेनबर्ग येथें सुरुवात झाली. युद्धांत डोळे गेलेले शिपाई गांवोगांव परतूं लागले होते. स्वित्झर्लंडमध्यें राहणाऱ्या डॉरथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनीं तें काम पाहून नोव्हेंबर १९२७ मध्यें एका अमेरिकन साप्ताहिकांत लेख लिहिला. तो लेख नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या आंधळ्या तरुणाला वाचून दाखवण्यांत आला. तो बाईंकडे गेला, शिकला, आणि १९२८ मध्यें 'बडी' नांवाच्या कुत्रीसह न्यूयॉर्कला उतरून बातमीदारांच्या देखत तेथील एक अत्यंत गजबजलेला रस्ता ओलांडून गेला. ह्या कुत्र्याचें काम हुकूम पाळण्याचें खरें, पण तेवढेंच नव्हे. धनी पुढें चल म्हणाला आणि समोरून मोटार येत असेल तर हुकूम मोडून तेथेंच उभें राहिलें पाहिजे. माणसानें आपल्याला घातलेली मर्यादा ज्याच्या अंगीं मुरली आहे, त्यानेंच प्रसंगीं माणसाला मर्यादा घालावयाची!

असे कुत्रे मिळावयाचे कोठून? कॅलिफोर्नियांत १९४२ सालीं अशी एक संस्था निघाली व पुढें सान राफाएल येथें स्थिरावली. १९४६ पासून क्लॅरेन्स फाफेनबर्गर हे तिला मदत करूं लागले. त्या वेळीं शिक्षणास घेतलेल्या शंभर कुत्र्यांत अवघे नऊ शेवटपर्यंत टिकत. बाकीचे शरीरानें धडधाकट; पण कोणी मोटारीच्या कर्ण्यानें थिजे, कोणी मांजरामागें धांवे. म्हणीवर विश्वास असता तर फाफेनबर्गर यांनीं शंभराऐवजीं हजार कुत्रे गोळा केले असते. त्यांनीं बार हार्बरच्या लोकांचें साहाय्य घेतलें. चांगल्या जोड्या निवडून पैदास सुरू केली, आठव्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लांच्या परीक्षा घेण्यास आरंभ केला, आणि परीक्षा उतरलेलीं पिल्लें 'फोर-एच' या खेड्यापाड्यांतील मुलामुलींच्या मंडळांच्या सभासदांकडे वाढवावयास दिलीं. कामाची दिशा बदलली, पण सगळ्याच पिल्लांना घर वेळेवर मिळेना. कांहीं आठवड्याच्या आंत गेलीं, कांहीं घर मिळेपर्यंत संस्थेच्या खुराड्यांत दोन दोन, तीन तीन आठवडे पडून राहिलीं. तेथेंहि त्यांचें खाणेंपिणें चोख होतें. पुढें हिशेब मांडला तेव्हां दिसलें कीं, परीक्षेनंतर आठवड्याच्या आंत घरीं गेलेल्यांपैकीं शेंकडा ९० च्या आसपास मार्गदर्शक झालीं. तीन आठवड्यांहून अधिक रखडलेल्यांपैकीं शेंकडा ३० च्या आसपास. रक्त तेंच, परीक्षेचे गुण तेच. स्कॉट व फाफेनबर्गर यांनीं १९५९ मध्यें हें प्रसिद्ध केलें. मला तर ह्या विषयांतील कोणत्याहि प्रयोगापेक्षां हा हिशेब अधिक हलवून सोडतो, कारण तो कोणी मुद्दाम केलेला नव्हता. केवळ दिरंगाईनें तो घडवून आणला.

आतां माया आणि मर्यादा यांच्या भांडणाविषयीं. लवकर हात लावावा हें ठरलें. पण तो हात कुरवाळणारा असावा कीं अडवणारा? वर ज्यांचा उल्लेख केला त्याच फ्रीडमन यांनीं १९५८ मध्यें याविषयीं एक चमत्कारिक निष्कर्ष पुढें ठेवला. चार जातींच्या पिल्लांचे त्यांनीं दोन वर्ग पाडले. एका वर्गाला तिसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत नुसते लाड. अंगावर चढा, चावा, हुंदडा, सर्व माफ. दुसऱ्याला त्याच मुदतींत शिस्त. बस, थांब, ये, दोरीबरोबर चाल. मग खोलीच्या मध्यभागीं मांसाचें भांडें ठेवलें. पिल्लानें तोंड घातलें कीं ढुंगणावर चापट व दरडावणी. नंतर माणूस निघून गेला व लपून पाहूं लागला. बसेंजीचीं पिल्लें, लाडावलेलीं असोत वा शिस्तींतलीं, दार लागतांच तुटून पडलीं. शेटलंडच्या पिल्लांनीं, दोन्ही वर्गांतल्या, भांड्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. बीगल व टेरियर यांच्यांत मात्र फरक दिसला. आणि तो तुम्हां आम्हांला वाटेल त्याच्या उलट. अधिक वेळ थांबलीं तीं लाडावलेलीं.

ह्या निष्कर्षावरून 'लाड करा, शिस्त सोडा' असें कोणी सुचवूं लागेल तर तो घाई करतो, असें माझें मत आहे. पिल्लें थोडीं, परीक्षा एक, आणि दोन जातींनीं तर ती परीक्षा निकालांतच काढली. परंतु मला तीं दोन जातींचीं पिल्लें समजल्यासारखीं वाटतात. ज्याच्या अंगाखांद्यावर पांच आठवडे खेळलों, त्यानें प्रथमच नाहीं म्हटलें म्हणजे तो शब्द लागतो. रोज नाहीं नाहीं ऐकणाऱ्याला त्याचें काय? लहान पिल्लांच्या खेळांतहि हेंच पाहावयास मिळतें. एकानें दुसऱ्याचा कान जोरानें चावला कीं दुसरें किंचाळतें आणि खेळ टाकून बाजूला होतें. शिक्षा एवढीच, पण जो सोबती हवाहवासा वाटतो तोच उठून गेला, म्हणून पुढच्या वेळीं दांत आवरतात. दीड महिन्याच्या आंत भावंडांतून उचललेल्या पिल्लाला हा धडा अर्धवट मिळतो, आणि मग तो माणसांच्या बोटांवर पुरा करावा लागतो. सान राफाएलच्या मुलांनाहि जें शिकवण्यास सांगत तें याच जातीचें: पलंगावर चढूं न देणें, ताटांतलें न देणें, ठराविक जागीं बाहेर नेणें, दोरी ओढूं न देणें. मोठमोठ्या कसरती त्यांत नव्हत्या.

मध्यंतरीं ह्या ज्ञानावर एक विघ्न आलें. १९७८ च्या सुमारास पार्व्हो नांवाचा पिल्लांचा भयंकर अतिसार जगभर फैलावला. लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे चार महिन्यांपर्यंत, पिल्लाला घराबाहेर काढूंच नका, असें पशुवैद्य बजावूं लागले; आणि त्यांचें तरी काय चुकलें? पिल्लें पटापट मरत होतीं. पण दार उघडें असण्याची मुदत नेमकी तीच! रोगापासून वांचलेलीं कित्येक पिल्लें मग चावरीं झालीं, म्हणून टाकून दिलीं गेलीं किंवा मारलीं गेलीं. अखेर २००८ सालीं अमेरिकेंतील वर्तनशास्त्रज्ञ पशुवैद्यांच्या मंडळानें जाहीर केलें कीं, पहिली लस टोंचून आठवडा लोटला म्हणजे सात आठ आठवड्यांच्या पिल्लालाहि स्वच्छ जागीं इतर पिल्लांत व माणसांत नेण्यास हरकत नाहीं. न नेण्यांत धोका अधिक. उकिरड्यावर किंवा अनोळखी कुत्र्यांत मात्र न्यावयाचें नाहीं. आपल्या शहरांत ही वाट अरुंद आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण कडेवर घेऊन जिन्यांत, अंगणांत, शेजाऱ्यांच्या ओसरीवर हिंडविण्यास कोणाची आडकाठी आहे? आपल्या गल्लीबोळांतील बेवारशी पिल्लें पाहा. तिसऱ्या आठवड्यापासून सायकली, फेरीवाले, वरातीचे बाजे, शाळेचीं पोरें सगळें त्यांच्या डोळ्यांपुढून जातें. कोणी तरी गळ्यांत सुतळी बांधून त्यांना फिरवतें. बंगल्यांतलीं किंमती कुत्रीं फटाक्यानें थरथर कांपत असतां हीं रस्त्याच्या मध्यावर झोंप काढतात, याचें नवल वाटावयास नको.

शास्त्रज्ञांनीं आपली भाषा आतां थोडी सौम्य केली आहे. दार एकदम धाडकन लागत नाहीं, हळूहळू लोटलें जातें. जातींजातींत व एकाच वेतांतल्या पिल्लापिल्लांत फरक असतो. उशीर झालेला कुत्राहि सोशिकपणानें कांहींसा सुधारतो. हें मला मान्य आहे. मोतीहि सुधारला. पण कितपत, तें सांगतों.

मुलांपैकीं एकाच्या हाताला टांके पडल्यावर त्याला घरांत ठेवणें अशक्य झालें. गांवाबाहेर एका स्नेह्याचा मळा होता, तेथें त्याला सोडलें. गडी शहाणा होता. तो मोतीच्या वाटेला गेला नाहीं. रोज दिवेलागणीला भाकरी बांधावर ठेवावयाची आणि पाठ करून विहिरीवर बसावयाचें, एवढेंच तो करी. वर्षभरानें मोती त्याच्या समक्ष भाकरी खाऊं लागला. पुढें रात्रीं मळ्याभोंवतीं फिरून राखणहि करी. मी महिन्या दोन महिन्यांनीं जाई. माझी चाहूल लागली कीं तो उठून उभा राही, शेंपूट थोडेंसें हले, आणि बांधापर्यंत येऊन तो थांबे. नऊ वर्षें तो त्या मळ्यांत होता. बांध त्यानें कधीं ओलांडला नाहीं.